नाडी नियमित

रेवदंडा
४ एप्रिल २०२५

चि. क्षिप्रा,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी भांडण, मग आशीर्वाद.

फोन का केला नाहीस असं विचारू नकोस. माझ्या कानांना फोनवर नुसती घरघर ऐकू येते हे तुला ठाऊक आहे. शिवाय घरात मोबाईल एकच, तो तुझ्या काकांच्या खिशात. मला जे विचारायचंय ते त्यांच्या खिशातून जायला नको.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुझे काका देव देव करायला लागलेत. मी म्हटलं, चांगलं आहे, वयाला शोभतं. वर्षातून एक-दोनदा पिशवी भरतात आणि 'पालीला जातो, बल्लाळेश्वराला' म्हणून निघतात. मुक्काम करून येतात. जानेवारीत गेले ते हात हलवत परत आले. ना प्रसाद, ना अंगारा. म्हणे गर्दी फार होती. गर्दीत प्रसाद संपतो होय? मग आंघोळीच्या वेळी मी त्यांची पाठ चोळायला गेले, तर छातीवर गोल गोल चिकट डाग. म्हणे नव्या बनियनची अ‍ॅलर्जी. बनियन गोल गोल कुठे चिकटतं ते दाखवा म्हटलं, तर उठून वाडीत गेले.

आता परवा प्रणय, शेजारच्या जागृतीचा दीर, टुरिस्ट गाडी चालवतो तो, सहज बोलून गेला, 'जानेवारीत काका क्षिप्राताईच्या कॉलेजच्या गेटाशी दिसले. हाक मारली तर वळलेच नाहीत.' पाली कुठे, तुझं कॉलेज कुठे?

इकडे काशीदपासून पार आपल्यापर्यंत मुंबईचे लोक वाड्या घेत सुटलेत. त्यांना बंगले बांधायचेत. आपल्या वाडीवरही दोघे डोळा ठेवून गेले. तुझे काका त्यांना 'नाही' म्हणाले, पण फार गोड आवाजात म्हणाले. पाणी कुठेतरी मुरतंय. माझ्या पोफळी माझ्यामागे विकायच्या आणि ते तुझ्या गावात बसून ठरवायचं, असा काही बेत असेल तर मी अजून जिवंत आहे म्हणावं.

आणि तू एका अक्षराने बोलली नाहीस. मला सगळं कळलंय. आता फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझी
अंबूमावशी

ता. क. आशीर्वाद.


मुलींचं वसतिगृह
१० एप्रिल

मावशी,

तुझं पत्र वाचलं. कोणी सांगितलं तुला? केसरने? माझ्या खोलीत राहते आणि माझ्या आईशी फोनवर गोड गोड बोलते, ते मला दिसतं. हल्ली मी खोलीत शिरले की सगळ्यांचं बोलणं थांबतं, तेव्हाच मला संशय आला होता.

ठीक आहे, सांगते. माझा निकाल राखून ठेवलाय असं मी घरी सांगितलं, ते खोटं आहे. जानेवारीत मी मेडिसिनची प्रॅक्टिकल अर्धी टाकून पळाले.

लेखी पेपर चांगले गेले होते. प्रॅक्टिकलला एक खरा पेशंट देतात, त्याला लाँग केस म्हणतात. त्याला सगळं विचारायचं, तपासायचं आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून त्याला काय झालंय ते सांगायचं. मी माझ्या पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवली. माझंच काळीज इतकं धडधडत होतं, की बोटांखाली लागतेय ती नाडी त्यांची की माझी, तेच कळेना. स्टेथोस्कोप लावला तर कानात माझाच आवाज. पडद्यापलीकडे दुसरी मुलगी घडाघडा बोलत होती. मी पाणी पिऊन येते म्हणाले आणि परत गेलेच नाही.

मेच्या शेवटी पुन्हा प्रॅक्टिकल आहे. शेवटच्या वर्षाची मुलगी आणि हाताला साधी नाडी कळत नाही, हे कोणाला सांगू? या वेळी उभी राहू शकले नाही तर मी डॉक्टरकी सोडणार आहे. ठरवलंय मी. आईला सांगू नकोस.

काका मला भेटले नाहीत, शपथ. पण नेमके माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते गेटाशी काय करत होते? तूच पाठवलं होतंस का, माझ्यावर नजर ठेवायला? आणि वर मलाच विचारतेस?

क्षिप्रा


रेवदंडा
१६ एप्रिल

क्षिप्रा,

कसली परीक्षा टाकलीस? मी वाडीचं विचारत होते गं बाई.

'मला सगळं कळलंय' हे मी सगळ्यांनाच म्हणते. कामाच्या मनुबाईला म्हटलं की ती फुटलेली बरणी आपणहून आणून दाखवते. तू तर अख्खी मांडणीच पाडून बसलीस.

नाडी कळेना म्हणून पळालीस, त्यातलं मला काही समजत नाही. सुचिताला, सख्ख्या आईला, इतके दिवस खोटं सांगितलंस ते मात्र चांगलं समजतं. पत्र वाचून मला रडू आलं. रागाचं की कसलं, ते बघत बसले नाही. सध्या तोंड मिटून राहते. पण एकटी एकटी बसून डॉक्टरकी सोडायचं ठरवू नकोस. केसरवर संशय घ्यायचंही बंद कर. आपल्या घराण्यात तेवढ्या कामाला मी पुरे आहे.

जेवताना मी ह्यांना सरळ विचारलं, 'जानेवारीत क्षिप्राच्या कॉलेजात काय काम होतं?' म्हणाले, 'तिलाच विचार.' ती म्हणते मला माहीत नाही, हे म्हणतात तिला विचार. मी काय चेंडू आहे?

आणखी एक. हल्ली वाडीत फिरताना हे दर चार पावलांवर पोफळीला हात लावून उभे राहतात. काय करता विचारलं तर म्हणे झाड बघतोय. लग्न झाल्यापासून कधी बघितलं नाही ते झाड आता बघतात? झाडं मोजताहेत, दुसरं काय. विकायच्या आधी माणूस मोजतोच.

अंबूमावशी


रेवदंडा
१८ एप्रिल

चि. क्षिप्रास,

तुझ्या मावशीने मला कोंडीत पकडलं आहे. तेव्हा तुला खरं सांगणं भाग आहे. तिला मात्र नाही.

लहानपणी आलेल्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप आकसली आहे. मायट्रल. निवृत्तीनंतर दम लागतो म्हणून गुपचूप तुझ्या कॉलेजच्या इस्पितळात गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जणू पोराचा बोर्डात नंबर आला. म्हणाले, 'मास्तर, इतका स्वच्छ आवाज हल्ली ऐकायला मिळत नाही. परीक्षेला याल का?' तेव्हापासून परीक्षा आली की मला बोलावणं येतं. गाडीभाडं देतात, जेवायला देतात, खाट देतात. छातीवरचे गोल डाग कार्डिओग्रामचे. क्षिप्रा, मी तुमची केस आहे.

तुला हसू येईल, पण मला ते आवडतं. शाळा सुटल्यावर माझं ऐकत होतं कोण? तिथे मुलं अक्षरशः कान लावून ऐकतात. बिचारी घाबरलेली असतात. मग मी हळूच सांगतो, 'बाळ, मला डाव्या कुशीवर वळव. या इथे कान दे. जात्यासारखी हलकी घरघर येईल. नाडी नियमित, मिनिटाला शहात्तर. लिहून घे.' कोणी याला कॉपी म्हणेल. मी शिकवणं म्हणतो.

जानेवारीत तू पळालीस तेव्हा मी पडद्याआडच्या खाटेवर होतो. तुझी पाठ दिसली. माझी पाळी संपताच गेटापर्यंत धावलो, पण तू नव्हतीस. तुझ्या आईला कळवलं नाही. ते तू कळवायचंस.

मावशीला झडपेचं कळलं तर ती मला वाडीत पाऊल टाकू देणार नाही. म्हणून पाली.

आता तू इकडे ये. अभ्यासाला शांत जागा हवी म्हणून सांग. मावशी भजनी मंडळाला गेली की मी ओटीवर आडवा होतो. तू तपास, मी सांगत जातो. इतकं घोटून घेईन की परीक्षकांपुढे आपोआप बोलशील. आणि नशिबाने मेमध्ये मीच तुझ्या वाट्याला आलो, तर मी ओळख दाखवणार नाही. तूही दाखवू नकोस.

तुझा
बापूकाका


मुलींचं वसतिगृह
४ मे

काका,

सुखरूप पोचले. मावशीने दिलेले फणसाचे गरे केसरने संपवले.

तुमच्या ओटीवर मला तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं, की तुम्हाला मिठी मारावी की मावशी यायच्या आत नळी लपवावी, ते सुचेना. म्हणजे मी बहिरी नव्हते. हे मी विसरणार नाही.

पण तिथे एक गोष्ट मी गिळली, ती आता लिहिते. तुम्ही रोज 'नाडी नियमित' म्हणत होता आणि माझ्या बोटांना तसं लागत नव्हतं. एक ठोका लगेच, पुढचा उशिरा, मधला कुठेतरी गळालेला. कसला मेळच नाही. मी बोलले तर तुम्ही हसलात, 'परीक्षेची भीती तुझ्या बोटांत उतरली आहे.' मी गप्प बसले, कारण जानेवारीत माझं तसंच झालं होतं. मला माझ्या बोटांचाच संशय आला.

निघायच्या दिवशी मी एक हात तुमच्या मनगटावर आणि दुसरा माझ्या गळ्याशी धरला. घसा दुखतोय का, असं तुम्ही विचारलंत. मी दोन्ही नाड्या एकदम बघत होते. माझी जोरात पळत होती, पण सरळ. तुमची सरळ नव्हती.

जानेवारीत ती नियमित असेलही. मधे बदलली असेल. तुमच्या आजारात असं होतं आणि ते बरं नसतं. तुम्ही पोफळीला हात लावून उभे राहता म्हणे. काका, आधीपेक्षा जास्त दम लागतो का? खरं सांगा. अलिबागला जाऊन लगेच कार्डिओग्राम काढा.

आणि तुम्ही माझ्या वाट्याला आलात तर मी परीक्षकांना सांगणार की हे माझे काका आहेत, दुसरा पेशंट द्या.

क्षिप्रा


मुलींचं वसतिगृह
१२ मे

मावशी,

या पत्राचा फोटो जागृतीच्या मोबाईलवर पाठवतेय. ती वाचेल, वाचू दे. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

काका वाडी विकत नाहीत. काका आजारी आहेत. ते पालीला जात नव्हते, माझ्या कॉलेजात परीक्षेचे पेशंट म्हणून येत होते. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झालीय, ते त्यांना माहीत आहे. तुझ्यापासून लपवायला मीही मदत केली. त्याबद्दल नंतर हवं ते बोल.

आता मला वाटतंय की त्यांच्या हृदयाचे ठोके विस्कटलेत. ते पोफळी मोजत नाहीत, दम खातात. असे ठोके पडत राहिले तर हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. मी त्यांना पत्र लिहिलं, उत्तर नाही. फोन केला, तर 'मास्तरांना शिकवू नकोस' म्हणून ठेवून दिला.

मला खात्री आहे का? नाही. इंटर्नशिप करणाऱ्या एकाला विचारलं. तो म्हणाला, 'ज्यांना परीक्षकांनी तपासलंय त्यांची नाडी चुकलीय असं तू म्हणतेस? तू तर पळाली होतीस.' खोलीत येऊन मी खूप रडले. माझं चुकलं, तर काका मला आयुष्यभर चिडवतील आणि मी त्या हॉलमध्ये पुन्हा पाऊल ठेवू शकेन असं वाटत नाही. पण माझं बरोबर असलं आणि मी गप्प बसले तर?

उद्याच ने. ते ऐकणार नाहीत. कसं न्यायचं ते तुला जास्त कळतं.

क्षिप्रा


रेवदंडा
१८ मे

चि. क्षिप्रा,

जागृतीने तुझं पत्र माझ्या कानाशी वाचून दाखवलं, म्हणजे अर्ध्या आळीने ऐकलं.

ह्यांना खरं सांगितलं असतं तर जागचे हलले नसते. म्हटलं, 'चला, पालीला जाऊ. मलाही दर्शन घडवा.' आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? गपचूप प्रणयच्या गाडीत बसले. गाडी अलिबागला दवाखान्यापुढे थांबली तेव्हा म्हणतात, 'ही पाली नव्हे.' मी म्हटलं, तुमची तरी कुठे होती?

कार्डिओग्राम निघाला. तुझी बोटं बरोबर होती. ठोक्यांना ताळतंत्र उरलेलं नाही. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, ती आता सोडायची नाही, आणि पुढे झडपेचंही बघावं लागेल. डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं झालं, उशिराने आला असतात तर कदाचित उचलून आणावं लागलं असतं. मग विचारलं, हे ओळखलं कोणी? मी म्हटलं, माझ्या भाचीने. 'डॉक्टर आहे का?' म्हटलं, अजून नाही.

येताना हे म्हणाले, फेब्रुवारीपासून छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडत होतं. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, 'माझी केस बिघडली असं कळलं तर मला परत कोण बोलावणार?' क्षिप्रा, मला असा राग आला की गाडीतून उतरून चालत घरी जावं. आणि भीती अशी वाटली की घर येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

आता ते तुमच्या परीक्षेला येणार नाहीत. तिथे तुला कानात सांगायला कोणी असणार नाही. तुझं तू बघ.

अंबूमावशी


मुलींचं वसतिगृह
२९ मे

प्रिय मावशी,

प्रॅक्टिकल झाली. पूर्ण झाली, मी शेवटपर्यंत उभी होते. निकाल अजून नाही, आणि या वेळी 'नाही' म्हणजे खरंच नाही. हवं तर केसरला विचार. ती बिचारी आईशी बोलायची ते मी जेवते की नाही एवढंच सांगायला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी आईला स्वतः सगळं सांगितलं. ती चिडली, मग म्हणाली, 'अंबूला माहीत होतं ना?' तेव्हा तिचा फोन जागृतीकडे येईलच, तयारीत राहा.

भीती गेली असं समजू नकोस. जिना चढतानाच परत फिरावंसं वाटलं होतं. माझ्या वाट्याला दादू नावाचे आजोबा आले. पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या. मी जवळ गेले तर डोळा मिचकावून म्हणतात, 'डाक्तरीणबाय, काय घाबरू नको. लिवर हाय माजा. सगली पोरा तेच लिवतात, पास व्हतात.'

मला इतका मोह झाला. नुसतं लिहायचं होतं. पण मला काका आठवले. मी म्हटलं, 'आजोबा, मला काही सांगू नका. आधी तुमचा हात द्या.' त्यांना राग आला. 'मंग नापास व्हशील,' म्हणाले. पण हात दिला.

नाडी धावत होती, पण ती माझी होती. मी थांबले. तिच्याखाली त्यांची लागली, संथ. मग एकेक तपासत गेले. लिव्हरचंच होतं, आजोबा खोटं बोलत नव्हते. परीक्षकांनी विचारलेल्या दोन प्रश्नांना मी 'माहीत नाही' म्हणाले. असं म्हणताना जमीन फाटत नाही, हे मला माहीत नव्हतं.

नापास झाले तरी आता सोडणार नाही. पुन्हा बसेन. काकांना गोळी वेळेवर दे.

तुझी
क्षिप्रा


रेवदंडा
३ जून

चि. क्षिप्रा,

हे पत्र निकाल लागायच्या आधी टाकतेय, मुद्दाम. उगाच कोणी म्हणायला नको की पोरगी पास झाली म्हणून मावशीने लिहिलं.

तुझे काका बरे आहेत. गोळी देते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही, तोंड उघडून दाखवा म्हणते. त्यांना वाटतं मी फार करते. वाटू दे.

आता माझं. मी इतके दिवस या ना त्या माणसाच्या मागे लागले होते, काय लपवलंस, काय लपवलंस. तर माझ्या डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, एक गाठ लागते. सुपारीएवढी आहे. दिवाळीपासून आहे, दुखत नाही. ह्यांना सांगितलं नाही, सुचितालाही नाही. माझ्या अंगाला आजवर डॉक्टरचा हात लागलेला नाही. डॉक्टर खरं सांगतात यावर माझा कधी विश्वास नव्हता, आणि खरं सांगितलं तर ऐकवेल असंही वाटत नव्हतं.

तुझ्यावर मात्र विश्वास आहे. तुला अजून डॉक्टर म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी आधी तू बघ, मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येईन, कुरकुर करणार नाही. पण जे हाताला लागेल तेच मला सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

येताना घाई करून ये. मला भीती वाटते आहे.

तुझी
अंबूमावशी